शेजारच्या पेशींमधली फट कोणती प्रथिनं बंद करतात, आणि ती खरंच पूर्ण बंद होते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पेशींमधली फट नेमकी कोणती प्रथिनं बुजवतात, फट बुजलेली असेल तर पाणी आणि क्षार तिथून कसे जातात, आणि 'लीकी गट', म्हणजे 'गळकं आतडं', म्हणून जे सांगितलं जातं त्यात तथ्य किती. पेशींच्या थरातून काय आणि किती गळतं हे मोजणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं नाव सांगण्यापुरतं उत्तर सोपं आहे: क्लॉडिन नावाच्या प्रथिनांचं कुटुंब. पण तेवढ्यावर थांबलं तर दुसरा प्रश्न सुटत नाही आणि तिसऱ्याचं उत्तर हमखास चुकतं. कारण ही प्रथिनं फट बंद करतात तशी ती मोजून मापून उघडीही ठेवतात. कुठे, किती आणि कशासाठी गळू द्यायचं हे तीच ठरवतात.

आतडं, मूत्रपिंडातल्या नलिका, त्वचा, मेंदूतल्या केशवाहिन्या या सगळ्यांना पेशींचं अस्तर असतं. पेशीपटल स्निग्ध पदार्थांचं असल्यामुळे सोडियमसारखे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यातून आपोआप जात नाहीत, त्यांना प्रथिनांची वाट लागते. दोन पेशींच्या मधल्या जागेचं तसं नाही. तिथे साधारण १० ते २० नॅनोमीटरची फट असते आणि सोडियमचा आयन त्या मानाने फारच लहान. ही फट तशीच राहिली तर पेशीपटलावरचे सगळे पंप व्यर्थ जातील. आत ओढलेलं मीठ बाजूने पुन्हा बाहेर.

एकोणिसाव्या शतकातल्या संशोधकांना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या वरच्या कडेला गडद रेघा दिसत. पेशींच्या मध्ये काहीतरी सिमेंट भरलेलं असावं, असं त्यांना वाटायचं. १९६३ साली मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पालाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अनेक अवयवांची अस्तरं तपासली आणि त्या एका रेघेत तीन वेगवेगळ्या रचना आहेत हे दाखवलं. सर्वात वर टाइट जंक्शन, तिथे दोन पेशींची पटलं एकमेकांना टेकतात आणि फट नाहीशी होते. त्याखाली अ‍ॅडहेरन्स जंक्शन आणि आणखी खाली डेस्मोसोम. या खालच्या दोन्ही ठिकाणी फट कायम असते, पण पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात.

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, तुमच्या प्रश्नातही ती थोडी डोकावते. पेशी धरून ठेवणं आणि फट बुजवणं ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांची प्रथिनंही निराळी. धरून ठेवणारी प्रथिनं मुख्यतः कॅडहेरिन कुटुंबातली. पेम्फिगस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यापैकीच डेस्मोग्लाइन या प्रथिनांवर हल्ला करते, त्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि अंगावर फोड येतात. क्लॉडिन बिघडल्यावर होणारे आजार अगदी वेगळ्या जातीचे असतात, ते पुढे येतीलच.

ऊती गोठवून फोडण्याच्या तंत्रामुळे टाइट जंक्शनचं रूप पटलाच्या आतून दिसू लागलं. प्रत्येक पेशीच्या वरच्या कडेभोवती बारीक धाग्यांची जाळी फिरलेली असते. एका पेशीचा धागा शेजारणीच्या धाग्याला समोरासमोर जुळतो, दुहेरी शिवण घालावी तसा. हे धागे कशाचे, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. १९८० च्या दशकात ते स्निग्ध पदार्थांचेच असावेत असं मत गांभीर्याने मांडलं गेलं होतं.

मग प्रथिनं सापडू लागली. १९८६ मध्ये झेडओ-१ मिळालं, पण ते पेशीच्या आतल्या बाजूला बसतं, म्हणजे ते स्वतः फट बुजवू शकत नाही. १९९३ मध्ये जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटात मिकिओ फुरुसे यांनी कोंबडीच्या यकृतातून ऑक्लुडिन शोधलं. ते पटलातून आरपार जाणारं होतं. शोध संपला असंच सर्वांना वाटलं असणार. पण याच गटाने ऑक्लुडिनचं जनुक काढून टाकलेल्या पेशी तयार केल्या आणि १९९८ मध्ये कळवलं की धागे तरीही व्यवस्थित बनतात. स्वतःच शोधलेलं प्रथिन मुख्य नाही, हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलं. मला या विषयाच्या इतिहासातला हा भाग सर्वात आवडतो. त्याच वर्षी त्यांना क्लॉडिन-१ आणि क्लॉडिन-२ मिळाले. टाइट जंक्शन मुळीच नसलेल्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींमध्ये क्लॉडिनचं जनुक घातलं, तर त्या पेशींमध्येही धागे उमटले. वाद तिथे मिटला.

माणसात दोन डझनांहून अधिक क्लॉडिन आहेत. प्रत्येक रेणू लहानसा, बहुतेक २०० ते ३०० अमिनो आम्लांचा. तो पेशीपटलातून चार वेळा आरपार जातो आणि त्याचे दोन फास पेशीबाहेर राहतात. २०१४ मध्ये उंदराच्या क्लॉडिन-१५ ची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा या फासांचा आकार पहिल्यांदा स्पष्ट दिसला. आतल्या बाजूला क्लॉडिनचं शेपूट झेडओ-१ आणि त्याच्या भावंडांना धरतं आणि ती प्रथिनं सगळी रचना पेशीच्या आतल्या, अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या सांगाड्याला बांधतात. झेडओ-१ आणि झेडओ-२ दोन्ही नसतील तर क्लॉडिन योग्य जागी गोळाच होत नाहीत. जिथे तीन पेशींचे कोपरे एकत्र येतात तिथे वेगळी प्रथिनं लागतात, त्यांतलं ट्रायसेल्युलिन २००५ मध्ये सापडलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

प्रयोगशाळेत एमडीसीके नावाच्या पेशी फार वापरतात, त्या १९५८ साली एका कुत्र्याच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या. त्यांचे दोन उपप्रकार आहेत. दोन्हींत धाग्यांची संख्या जवळपास सारखी, पण थरातून विद्युतप्रवाह सोडला तर एकाचा रोध प्रचंड आणि दुसऱ्याचा अगदी कमी. फुरुसे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की गळक्या प्रकारात क्लॉडिन-२ आहे, घट्ट प्रकारात नाही. घट्ट पेशींमध्ये क्लॉडिन-२ घातलं की त्यांचाही रोध कोसळतो. म्हणजे फट बुजवणाऱ्या कुटुंबातला एक सदस्य घातल्यावर गळती वाढली! कारण क्लॉडिन-२ दोन पेशींच्या मध्ये एक अरुंद छिद्र तयार करतं आणि त्या छिद्राच्या आत ऋणभार असलेलं अमिनो आम्ल बसलेलं असतं. सोडियमसारखे धनभारित आयन त्यातून जातात, क्लोराइड अडतं. २००२ मध्ये क्लॉडिन-१५ च्या बाहेरच्या फासातले ऋणभार बदलून धनभार केले, तेव्हा वाट उलटली: सोडियमऐवजी क्लोराइड पसंत होऊ लागलं. छिद्राचं बांधकाम क्लॉडिनच करतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मागता येणार नाही.

मूत्रपिंडात या सगळ्याचा उपयोग डोळ्यांना दिसतो. माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळपास सगळा परत घेतात. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात, जिथे दोन तृतीयांश परत घ्यायचा असतो, तिथे क्लॉडिन-२ मुबलक. शेवटच्या भागात, जिथे बारीक नियंत्रण हवं, तिथे पेशींमधले सांधे घट्ट. क्लॉडिन-२ नसलेले उंदीर जगतात, सोडियमही परत घेतात, पण ते काम पेशींच्या आतून पंपांनी करावं लागल्यामुळे त्यांच्या मूत्रपिंडांना जास्त ऑक्सिजन लागतो. २०१६ मध्ये हे मोजून दाखवलं गेलं. म्हणजे ही गळती शरीराची ऊर्जा वाचवते.

मधल्या एका भागात क्लॉडिन-१६ आणि क्लॉडिन-१९ मिळून मॅग्नेशियम आणि कॅल्शियमसाठी वाट देतात. क्लॉडिन-१६ चं जनुक १९९९ मध्ये सापडलं तेच मुळी एका आनुवंशिक आजारामुळे. त्यात मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं आणि पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. क्लॉडिन-१९ बिघडलं तर त्याच्या जोडीला दृष्टीही जाते. क्लॉडिन-१४ च्या दोषाने जन्मतः बहिरेपण येतं, कारण आतल्या कानातल्या द्रवांचं पोटॅशियम जिथल्या तिथे राहणं आवाज टिपणाऱ्या केशपेशींच्या जिवासाठी आवश्यक असतं. त्वचेत क्लॉडिन-१ नसलेली उंदराची पिल्लं जन्मल्यापासून दिवसभरात अंगातलं पाणी उडून मरतात. मेंदूच्या केशवाहिन्यांत क्लॉडिन-५ महत्त्वाचं. ते नसलेल्या उंदरांत रक्त आणि मेंदू यांच्यातला अडथळा उभाच राहतो, फक्त ८०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) लहान रेणू त्यातून सुटू लागतात. पिल्लं तरीही काही तासांतच मरतात.

याच्या नेमकं उलट उदाहरण आतड्यात आहे. ग्लुकोज आत घ्यायला आतड्याच्या पेशींना सोबत सोडियम लागतं आणि ते सोडियम पेशींच्या मधून पुन्हा आतड्याच्या पोकळीत परतावं लागतं, नाहीतर पुढच्या ग्लुकोजसाठी ते उरणार कुठून? ही परतीची वाट क्लॉडिन-२ आणि क्लॉडिन-१५ देतात. दोन्ही काढून टाकलेले उंदीर खातपीत असूनही कुपोषणाने मरतात, कारण त्यांचं आतडं पुरेसं गळत नाही. 'लीकी गट'वरचे लेख वाचताना हे उंदीर लक्षात असू द्या.

तर तिसरा प्रश्न. आतड्याची पारगम्यता वाढते, ही गोष्ट खरी आहे आणि मोजताही येते. रुग्णाला लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल अशा दोन साखरा देतात आणि लघवीत प्रत्येकी किती उतरल्या ते पाहतात. सीलिअ‍ॅक (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे होणारा आतड्याचा आजार) आणि क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार) यांत मोठ्या साखरेचं, म्हणजे लॅक्टुलोजचं प्रमाण वाढलेलं आढळतं. क्रोन्समध्ये दाहामुळे क्लॉडिन-२ वाढतं, हेही बायॉप्सीत दिसलेलं आहे. प्रश्न आहे तो कारण कोणतं आणि परिणाम कोणता, याचा. क्रोन्सच्या रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांमध्ये ज्यांची पारगम्यता आधीपासून जास्त होती त्यांना पुढे आजार होण्याची शक्यता अधिक दिसली. दुसरीकडे, मुद्दाम गळकं केलेलं आतडं असलेले उंदीर आपोआप आजारी पडले नाहीत, दाहाला दुसरं काही निमित्त मिळालं तेव्हा मात्र त्यांचा आजार जास्त बळावला. म्हणजे गळती हातभार लावते, पण एकटी पुरत नाही. शिवाय आतड्यात जिवाणूसंसर्ग झाल्यावर उंदराचं शरीर स्वतःहून क्लॉडिन-२ वाढवतं, आतड्यात पाणी सुटतं आणि त्या जुलाबामुळे जिवाणू लवकर बाहेर पडतात. तिथे गळती हाच उपचार असतो.

त्यामुळे थकवा, मुरुमं, सांधेदुखी, विसरभोळेपणा अशी सगळी दुखणी एका 'गळक्या आतड्या'च्या खात्यावर टाकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. रक्तातलं झोन्युलिन (पेशींमधले सांधे सैल करतं असं मानलं जाणारं प्रथिन) मोजून निदान देणाऱ्या चाचण्यांबद्दल तर स्पष्टच सांगतो: २०१८ मध्ये असं दाखवलं गेलं की बाजारातला एक प्रचलित किट झोन्युलिन ओळखतच नव्हता, दुसरीच प्रथिनं पकडत होता. अशा आकड्यावर आहार बदलू नका. आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट करण्यासाठी लाराझोटाइड नावाचं औषध सीलिअ‍ॅकमध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचलं होतं, ती चाचणी २०२२ मध्ये मधल्या निकालांनंतर थांबवावी लागली. आतड्याचे सांधे 'दुरुस्त' करणारी म्हणून विकली जाणारी कोणतीही पावडर याहून भक्कम पुराव्यावर उभी असलेली मी पाहिलेली नाही.

पोट सतत बिघडत असेल, वजन घटत असेल, रक्त कमी झालं असेल, तर डॉक्टरांना सीलिअ‍ॅकच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी करायला सांगा. आणि ती होईपर्यंत गहू सोडू नका. आहारातून ग्लुटेन आधीच गेलं असेल तर प्रतिपिंडं उतरतात, आजार असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते, आणि मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन ती करावी लागते.