१० मीटर एअर रायफलच्या पुढच्या साइटमध्ये किती मिलिमीटरची रिंग बसवावी आणि पीप साइटची (डोळ्याजवळच्या, बारीक छिद्राच्या मागच्या साइटची) निगा कशी राखावी?

नवशिक्या नेमबाजाने ४ मिलिमीटरच्या आसपासच्या रिंगने सुरुवात करावी, आणि रिंगमधून दिसणाऱ्या लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवतीची पांढरी कड अंधुक किंवा थरथरती वाटल्यास रिंग लहान न करता थोडी मोठी घ्यावी. लक्ष्यावरील काळ्या भागाचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो. डोळ्यापासून पुढची साइट सुमारे ९० सेंटिमीटरवर असेल, तर त्या जागी तो जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भासतो, त्यामुळे घट्ट रिंगमध्ये पांढरी कड पुरेशी उरत नाही आणि नेमबाज चाप ओढताना अडखळतो. (लहान रिंग म्हणजे अधिक अचूक नेम, हा समज सरावात फारसा टिकत नाही.) मागच्या साइटचे छिद्र १ ते १.२ मिलिमीटर ठेवून प्रकाशानुसार बदलावे, नजर मात्र पुढच्या रिंगवरच स्थिर असावी. निगा सोपी आहे: छिद्रातील धूळ हातपंपाच्या हवेने उडवावी, त्यात टोकदार वस्तू घालू नये, आणि साइट काढून पुन्हा बसवल्यावर स्क्रू तपासून पाच गोळ्यांचा गट मारून पाहावा. हे आकडे केवळ आरंभबिंदू आहेत. चष्म्याचा नंबर असल्यास आधी नेमबाजीच्या स्थितीतच भिंग तपासून घ्यावे, कारण रायफलवर दुर्बीण या प्रकारात चालत नाही.