लॅपटॉपवर रेसिपी, ब्रू डेला फोन: बिअरचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेसिपी विंडोजच्या लॅपटॉपवर लिहिता, ब्रू डेला, म्हणजे बिअर शिजवायच्या दिवशी, हातात अँड्रॉइड फोन असतो, आंबवण्याच्या नोंदी नंतर आयपॅडवर करता, आणि जिथे भांडं चढवता तिथे वाय-फाय धड पोचत नाही. तिन्हींवर चालेल असं सॉफ्टवेअर कोणतं?

नाव आधीच सांगून टाकतो, घाईत असाल तर इथेच थांबा. तुमच्या वर्णनाला ब्रूफादर बसतं. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये उघडतं, अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींसाठी अ‍ॅप आहे, नेट गेलं तरी काम चालू राहतं आणि जोडणी आली की सगळं आपोआप जुळतं. मोफत खात्यात रेसिपींच्या संख्येवर मर्यादा आहे, पण पारखून बघायला तेवढं पुरतं.

घाई नसेल तर पुढचं वाचा. मी स्वतः तीनदा सॉफ्टवेअर बदललंय, आणि तिन्ही वेळा कारण हिशेबाचं नव्हतं. हिशेब सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात. घोळ होतो तो ‘खरी प्रत कुठली’ यावर.

माझाच किस्सा. एका संध्याकाळी लॅपटॉपवर रेसिपी दुरुस्त केली. नवं भांडं आलं होतं, त्यात उकळताना पाणी कमी उडायचं, म्हणून सुरुवातीचं पाणी दोन लिटरने घटवलं. सकाळी फोन उघडला, रेसिपीचं नाव तेच, म्हणून डोळे झाकून कामाला लागलो. फोनवर जुनीच प्रत होती. २० लिटरला १.०५२ ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी घनता) धरली होती, शेवटी भांड्यात २२ लिटर आणि ती मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०४७. बिअर वाईट नव्हती झाली, पाणचट मात्र होती, आणि पुढचे काही आठवडे तीच प्यायची होती.

म्हणून ‘सगळ्या डिव्हाइसवर चालतं’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की आधी हे बघा की डेटा राहतो कुठे. बिअरस्मिथ मूळचं डेस्कटॉपवरचं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, फोनसाठी अ‍ॅपही आहे. पण त्यात तुमच्या मशीनवरच्या रेसिपी वेगळ्या आणि क्लाउडचा फोल्डर वेगळा. रेसिपी त्या फोल्डरमध्ये टाकली तरच फोनवर दिसणार. ही सवय लागली तर उत्तम, नाही लागली तर माझ्यासारखं दोन लिटर जास्तीचं पाणी. बारीकसारीक सेटिंग हाताळायची हौस असेल आणि ८० टक्के काम लॅपटॉपवरच होत असेल, तर आजही ते दमदार आहे.

ब्रूटार्गेट मोफत आणि ओपन सोर्स आहे, मला मनापासून आवडतं, पण फोनवर नाही. काहीजण त्याच्या डेटाबेसची फाइल ड्रॉपबॉक्समध्ये ठेवून दोन मशीनवर वापरतात. हे करू नका. सगळा डेटा एकाच एसक्यूलाइट फाइलमध्ये असतो. दोन्हीकडे एकदम उघडी राहिली की ड्रॉपबॉक्स एक ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ तयार करून ठेवतो, आणि मग कुठल्या फाइलमध्ये कुठली बॅच, हे शोधत बसा.

ब्रूफादरची एक गोष्ट मला फार पटली: रेसिपी आणि बॅच वेगळ्या. बॅच सुरू केली की रेसिपीची एक प्रत त्या बॅचपुरती गोठते. पुढे मूळ रेसिपीत कितीही खाडाखोड करा, मागच्या महिन्यात नेमकं काय शिजवलं होतं ते तसंच राहतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मी ‘पेल एल’, ‘पेल एल नवी’, ‘पेल एल नवी खरी’ अशी नावं देत बसायचो.

ब्रूअर्स फ्रेंडही ब्राउझरमध्ये चालतं, त्याची छोटी कॅल्क्युलेटर्स मी अजून वापरतो. पण तुमच्याकडे वाय-फायची बोंब आहे, म्हणून विकत घेण्याआधी ते विमान मोडमध्ये तपासा.

तपासण्याची माझी पद्धत सांगतो, कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी तासाभरात होते. आधी शिजवून झालेली एक रेसिपी खऱ्या आकड्यांसकट भरा. मग फोन विमान मोडवर टाका, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. रेसिपी दिसते का? टायमर लागतो का? आता फोनवर ६० मिनिटं उकळायच्या हॉप्सचं (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचं) वजन बदला, आणि तेवढ्यात लॅपटॉपवर त्याच हॉप्सचं वजन वेगळं भरा. विमान मोड काढा. दोनपैकी कुठला आकडा टिकतो? तुम्हाला विचारतं की गुपचूप एक पुसून टाकतं? गुपचूप पुसत असेल तर निदान कोण जिंकतं ते तरी कळलं.

शेवटी हात ओले करून, वर्टने (धान्याच्या गोड काढ्याने) चिकट झालेल्या बोटाने ‘पुढची पायरी’चं बटण दाबून बघा. हसू नका, बटण इवलंसं असलं की उकळत्या भांड्याशेजारी फोन वापरताच येत नाही. शिवाय काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात मागे चालणारं अ‍ॅप बंद करतात, टायमर वाजतच नाही. हॉप्ससाठी माझा साधा स्वयंपाकघरातला टायमर अजून सुटलेला नाही.

दुसरीकडे जाताना रेसिपी बिअरएक्सएमएल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात रेसिपी नेण्याचा सामायिक फॉरमॅट) फाइलमध्ये काढता आल्या पाहिजेत, हा मुद्दा सोडू नका. ब्रूटोड ही ऑनलाइन सेवा २०१८ च्या अखेरीस बंद झाली तेव्हा ज्यांनी रेसिपी वेळेत उतरवून घेतल्या, त्यांच्याच वाचल्या. पण ही फाइल म्हणजे सगळं आलं असं नाही. बिअरएक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीत हॉप्ससाठी बॉइल, ड्राय हॉप, मॅश, फर्स्ट वर्ट आणि अरोमा एवढेच प्रकार आहेत, व्हर्लपूल (उकळणं थांबल्यावर वर्ट घुसळताना टाकायचे हॉप्स) नाहीच. त्यामुळे व्हर्लपूलचे हॉप्स नव्या घरी भलत्याच नावाने उतरतात आणि कडूपणाचा आकडा सरकतो.

तो आकडा आणखी एका कारणाने सरकतो, आणि लोक उगाच घाबरतात. समजा १.०५० चं वर्ट, २० लिटर, १० टक्के अल्फाचे (कडूपणा देणाऱ्या आम्लाचे) ३० ग्रॅम हॉप्स, ६० मिनिटं उकळले. टिनसेथच्या सूत्राने साधारण ३५ आयबीयू (कडूपणाचं एकक) येतात, रेगरच्या सूत्राने ४६. बिअर तीच! सॉफ्टवेअर बदलल्यावर आधी सेटिंगमध्ये जुनंच सूत्र लावा, नाहीतर हॉप्स कमी करून बसाल.

खरी मिळकत रेसिपी नाहीतच, त्या परत लिहिता येतात. जपायचे ते तुमच्या भांड्यांचे आकडे: तासाला किती लिटर उडतं, तळाशी किती अडकतं, धान्य किती पाणी पितं (किलोमागे साधारण एक लिटर धरून सुरुवात करा), एफिशियन्सी किती मिळते (म्हणजे धान्यातली किती साखर वर्टमध्ये उतरते). हे पाच-सहा बॅचेस मोजल्यावर हाती येतं, आणि फाइल आयात करताना नेमकं इथेच नवं सॉफ्टवेअर स्वतःचे ठरीव आकडे घुसवतं. माझे आकडे मी मार्करने भांड्याच्या झाकणावर लिहून ठेवलेत. त्याला सिंक लागत नाही.

राहिला आयपॅड आणि आंबवण्याच्या नोंदी. हाताने भरणार असाल तर विषय संपला, कुठल्याही डिव्हाइसवर भरा. फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) तरंगणारा सेन्सर घ्यायचा विचार असेल तर मात्र थांबा. आयस्पिंडल वाय-फायवरून आकडे पाठवतो, टिल्ट ब्लूटूथवरून, म्हणजे टिल्टच्या जवळपास ऐकणारं एखादं डिव्हाइस कायम चालू हवं. ब्रू करता ती जागा आणि फर्मेंटर ठेवता ती जागा एकच आहे का? ते सांगा, मग सेन्सरचं बोलू.