कारचे पुढचे शॉकअप घरी, एकट्याने बदलता येतात का?

तुम्ही विचारलंय की पुढचे शॉकअप गेलेत, गॅरेजवाला वाट्टेल तो आकडा सांगतोय, घरी मदतीला कोणी नाही, तर एकट्याने जमेल का आणि किती वेळ लागेल. जमतं. मी केलंय. डाव्या बाजूला साडेपाच तास लागले आणि उजव्या बाजूला पावणेदोन. डावीकडे एवढा वेळ का गेला ते सांगतो, कारण त्या ‘एकट्याने’ शब्दावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

गाडी वॅगन आर, २०१३ची. मी अमळनेरला राहतो, शाळा वीस किलोमीटरवर. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळून बसतो, नवा केला तरी दोन वर्षांत त्याला लाटा येतात. त्यामुळे आमच्याकडे शॉकअपचं आयुष्य किलोमीटरवर मोजण्यात अर्थ नाही. स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी एकदा दबून थांबायच्या ऐवजी झुलत राहिली आणि टायरवरून हात फिरवताना उंचसखल लागलं, की समजायचं. माझी तर डावीकडून खटखट वाजत होती. आणि माझं डोकं तिथेच फिरलं होतं, कारण २०२०मध्ये दाजींच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये मी दोन्ही शॉकअप नवे टाकून घेतले होते. बिलात नग दोन, स्वच्छ अक्षरात.

मुहूर्त सापडला २०२४च्या आखाजीचा, १० मे. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. लेकी माहेरी जातात, झोके बांधले जातात, सालदारांचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचं) साल त्या दिवशी संपतं आणि पुरुषमंडळी पत्ते कुटायला बसतात. बायको मुलांना घेऊन शिरपूरला गेलेली. नेहमीचा मेकॅनिक पत्त्यांत, गल्लीतली पोरं पत्त्यांत. मला शाळेची सुट्टी, आणि दोन शॉकअप, वरचे माउंट, बेअरिंग, बंपस्टॉप, धुळीची रबरं असं सगळं सामान आठ दिवसांपासून पलंगाखाली पडलेलं. पहाटे साडेपाचला अंगणातल्या निंबाखाली गाडी घेतली. मे महिन्यात आमच्याकडे अकरानंतर पाना उचलायलासुद्धा फडकं लागतं, म्हणून पहाट.

हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, दोन्ही बाजूंना स्टँड हे तुम्ही करालच. शॉकअप खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याला, दोन मोठ्या बोल्टनी धरलेला असतो. त्यांना आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. ब्रेकच्या होजचा (रबरी नळीचा) क्लॅम्प काढला, बोल्ट कुठे बसले होते तिथे पांढऱ्या पेंटने खूण केली आणि नटाला पाना लावला. हलेना. बोअरच्या जुन्या पाइपचा तीन फुटांचा तुकडा पान्यावर चढवला, तरी हलेना. (फिरवायचा नट, बोल्ट नुसता धरून ठेवायचा. पुष्कळ गाड्यांत बोल्टच्या मानेला दाते असतात, बोल्ट फिरवलात तर भोकाची वाट लागते.)

मग बॅटरी घेऊन नीट बघायला बसलो. नटावर काळा रंग होता, आणि त्या रंगाची पापडी नटावरून आट्यांवर, आट्यांवरून ब्रॅकेटवर अशी सलग गेलेली. कुठे चीर नाही, पान्याचा ओरखडा नाही. शेजारच्या ब्रेकच्या होजवर काळे शिंतोडे. नखाने रंग खरवडला तर खाली गंज, आणि शॉकअपच्या गळ्याशी तेल पाझरून धुळीचा झालेला जुना थर. उजवीकडे जाऊन बघितलं. तिकडे कंपनीचं अर्धं फाटलेलं स्टिकर अजून होतं आणि होज स्वच्छ. म्हणजे चार वर्षांपूर्वी उजवा खरंच बदलला होता. डाव्याला जागच्या जागी काळा स्प्रे मारून पैसे दोनाचे घेतले होते.

फोटो काढून दाजींना पाठवले. दाजींचा फोन, “तू मास्तर माणूस, खडू धर. एकट्याने गाडी उघडून बसलास, आता बंद कोण करणार?” शिंतोड्यांबद्दल एक शब्द नाही. मी पाइपवर पाय देऊन उभा राहिलो तेव्हा तो नट सुटला. एवढा राग नसता तर सुटला असता की नाही, शंकाच आहे.

एकट्या माणसाची अडचण ताकदीची नसते, तिसऱ्या हाताची असते. पहिली वेळ येते खालचे बोल्ट निघाल्यावर. नकल बाहेर कलंडतो, ब्रेकच्या होजला ताण बसतो आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आतून निसटू शकतो. मी गुराचं दावं घेऊन नकल बांधून टाकला. दुसरी वेळ बॉनेटखालचे वरचे नट काढताना. शेवटचा नट सुटला की स्प्रिंगसकट अख्खा शॉकअप खाली येतो, म्हणून एक हात वर आणि एक चाकाच्या पोकळीत. तिसरी वेळ बसवताना. एका हाताने शॉकअप वर धरायचा, दुसऱ्याने नट लावायचा आणि नट हमखास इंजिनच्या पोटात पडतो. माझा एक पडला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. पुढचे नट गोटी पान्यात ग्रीसने चिकटवून लावले.

रीतीप्रमाणे आधी वरचे नट लावतात, मग खालचे बोल्ट. एकट्याने मी उलटं केलं. शॉकअप खाली नकलवर बसवून एक बोल्ट ढिला अडकवला आणि लोअर आर्मखाली (नकलला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याखाली) जॅक लावून सावकाश वर उचलत गेलो. शॉकअपच्या डोक्यावरचे स्टड (आट्यांचे खुंट) आपोआप भोकांपाशी येतात, नुसती दिशा द्यावी लागते. जॅक हाच तिसरा हात. डावीकडे हे शेवटी सुचलं, उजवीकडे आधीपासून माहीत होतं. वेळेतला बराचसा फरक त्याचाच. हो, उजवाही बदलला. चार वर्षांचा का होईना, एका बाजूला जुना ठेवून ब्रेक मारताना गाडी ओढत नेण्यात काही शहाणपण नाही.

शेजारच्या आजी सकाळी ओट्यावर येऊन बसल्या होत्या. “आवं मास्तर, एकलाच करी ऱ्हायनात का?” मी म्हटलं, आजी, अधूनमधून हाक मारत जा, मी ओ दिली नाही तर लोकांना बोलवा. त्यांनी ते काम मनावर घेतलं. दर दहा मिनिटांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक, “मास्तर, जित्ता शेतस ना?” (जिवंत आहात ना?) दुपारी सांजोऱ्या पण आणून दिल्या.

आता एक राहिलंच, ते खरं तर आधी सांगायला हवं होतं. शॉकअपच्या डोक्यावर मधोमध जो एकटा मोठा नट असतो, तो स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडायचा नाही. गाडीवर नाही, गाडीवरून खाली उतरवल्यावर तर मुळीच नाही. त्या स्प्रिंगवर गाडीचं वजन पेललेलं असतं, ती सुटली तर जबडा फोडते. बाजारात दोन हुकांचे स्क्रू मिळतात, त्यांनी दाबता येते, पण एकट्याने ते काम करू नका असंच मी सांगेन. मी दोन्ही नग स्प्रिंगसकट काढले, नकल दाव्याने बांधून गाडी रात्रभर स्टँडवर ठेवली, दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर गोणीत घालून प्रेसवाल्याकडे नेले, तो यंत्राने स्प्रिंग दाबून नव्या शॉकअपवर चढवून देतो. दोन्हींचे चारशे घेतले. तिथे उभं राहून स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला नीट टेकलंय का, तेवढं बघा.

दाजींचं म्हणणं, मग एकट्याने कुठे केलंस, एक प्रेसवाला होता आणि एक म्हातारी होती. माझं म्हणणं, बिल दोनाचं देऊन एकच बदलून घेण्यापेक्षा हे बरं. त्या गॅरेजबद्दल त्यांनी अजून अवाक्षर काढलेलं नाही.

लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट ढिले केले असतील तर शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. खुणा कितीही जुळवल्या तरी चाकांची अलाइनमेंट करून घ्या. मी केली नव्हती, पारोळ्यापर्यंत स्टिअरिंग उजवीकडे तिरकं धरून गेलो.

गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. बोल्टांची मापं आणि वरच्या नटांची रचना गाडीगणिक बदलते. वॅगन आर असेल तर विचारा, पाने अजून डिकीतच आहेत.