‘टिल फ्रायडे’ की ‘बाय फ्रायडे’?

प्रश्न असा आहे: ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ या वाक्यातलं ‘टिल’ खोडून वरिष्ठांनी ‘बाय’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘शुक्रवारपर्यंत’च ना? आणि त्याच पत्रातलं ‘अनटिल यू डोन्ट साइन’ का चुकलं?

वरिष्ठांचं बरोबर आहे. मराठीत ‘पर्यंत’ एकटाच दोन कामं करतो. इंग्रजीत त्या कामांना दोन वेगळी शब्दयोगी अव्ययं आहेत. क्रिया त्या वेळेपर्यंत चालू राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. क्रिया एकदाच व्हायची आहे आणि तिला मुदत आहे, तर ‘बाय’. अहवाल एकदाच पाठवायचा असतो. ‘सेंड टिल फ्रायडे’ वाचून इंग्रजाला वाटेल, हा गृहस्थ शुक्रवार उजाडेपर्यंत अहवाल पाठवतच राहणार आहे!

ओळखायची सोपी युक्ती: मराठी वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत अहवाल पाठवतो’ जमतं, म्हणून ‘बाय’. ‘मी शुक्रवारच्या आत पुण्यात आहे’ हे कानाला खटकतं, म्हणून ‘आय ॲम इन पुणे टिल फ्रायडे’. मात्र ‘च्या आत’ म्हटलं की कुणी गुरुवारच समजतो, तर ‘बाय फ्रायडे’मध्ये सहसा शुक्रवार धरतात. काम महत्त्वाचं असेल तर वेळच लिहा: ‘बाय ५ पीएम ऑन फ्रायडे’.

खरी गंमत नकारार्थी वाक्यात आहे. तिथे दोन्ही शब्द चालतात, पण अर्थ पार बदलतो. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी मिळेल, त्याआधी मागू नका. ‘वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारचीही आशा धरू नका. ग्राहकाला पत्र लिहिताना ही गफलत महागात पडते. मराठी ‘शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही’ यातून दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

आता ‘अनटिल यू डोन्ट साइन’. हे ‘जोपर्यंत तुम्ही सही करत नाही, तोपर्यंत’ याचं शब्दशः भाषांतर. इथे ‘अनटिल’ उभयान्वयी अव्यय आहे आणि त्याच्या पुढच्या उपवाक्यात ‘डोन्ट’ लावायची गरज नाही. इलाज मराठीतच आहे. आपल्याकडे याच अर्थाचं बिननकाराचं रूप आहे: सही करेपर्यंत, पैसे मिळेपर्यंत, साहेब येईपर्यंत. आधी मनात वाक्य या रूपात आणा, मग इंग्रजी करा: ‘वी कॅनॉट स्टार्ट अनटिल यू साइन’. ‘अनटिल यू विल साइन’ही नको. सही पुढे व्हायची असली तरी या उपवाक्यात साधा वर्तमानकाळच येतो. ‘अनलेस’लाही हाच नियम लावा. ‘सही केल्याशिवाय’मधला नकार त्याच्या पोटातच आहे, म्हणून ‘अनलेस यू साइन’.

जाता जाता: ‘टिल’ हे ‘अनटिल’चं संक्षिप्त रूप नव्हे. उलट तोच जुना शब्द आहे, त्यामुळे त्याच्या डोक्यावर लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) देऊ नये. औपचारिक पत्रात आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘अनटिल’ बरा दिसतो. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला दोन एल, ‘अनटिल’ला एकच.

‘पासून’चीही अशीच फोड होते. कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल तर ‘सिन्स २०१९’, मोजावं लागत असेल तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ हे सरळ ‘पाच वर्षांपासून’चं भाषांतर. काम अजून चालू असेल तर क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’ हवं, ‘ॲम वर्किंग’ नको.

उरला रजेचा अर्ज. ‘ऑन लीव्ह टिल १५ मार्च’ लिहिलं, तर १५ला माणूस कामावर येणार की १६ला? इथे इंग्रजीही मराठीइतकीच संदिग्ध आहे. मराठी अर्जात आपण ‘दोन्ही दिवस धरून’ लिहितो, तसं इंग्रजीत ‘फ्रॉम १० टू १५ मार्च, बोथ डेज इन्क्लूसिव्ह’ लिहा आणि पुढे ‘आय विल रिझ्यूम वर्क ऑन १६ मार्च’ जोडा. त्यातही ‘रिझ्यूम’नंतर तारखेला ‘ऑन’, ‘फ्रॉम’ नव्हे.