रेषेवरचे चार तास : हवाई सर्वेक्षणाचे काम मला मानवेल का?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते आणि ठाण्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून मला नकाशांचे वेड आहे. आमच्या ठाणे खाडीखालून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटर मार्गासाठी आकाशातून लायडार सर्वेक्षण (लेझर किरणांनी जमिनीची मोजणी) झाले, हे वाचल्यापासून सर्वेक्षण विमानाची वैमानिक व्हावे असे मनात आहे. बाबा त्यासाठी गावची जमीन विकायला तयार आहेत. आईचे म्हणणे असे, की एवढा पैसा घालायचाच तर सरळ प्रवासी विमानांचा विचार कर. हे काम माझ्या स्वभावाला मानवेल की नाही, हे आधी कसे ओळखावे?

उत्तर : जमीन विकण्याआधी तुम्ही हे विचारलेत, याचे मला मनापासून बरे वाटले. या कामात मी उमेदीची बरीच वर्षे काढली आहेत आणि ते मला अतिशय प्रिय आहे, त्यामुळे त्याची अवघड बाजू तुमच्यापासून लपवावी असे मला वाटत नाही.

उड्डाणाची आवड असणाऱ्या अनेकांना हे काम मानवत नाही. विमानाच्या पोटातला कॅमेरा जमिनीचे पट्टे टिपत जातो, आणि नकाशासाठी एका छायाचित्राचा साधारण 60 टक्के भाग पुढच्या छायाचित्रात, तर शेजारच्या पट्ट्याशी 30 टक्क्यांच्या आसपास भाग पुन्हा यावा लागतो. म्हणून ठरलेली उंची आणि ठरलेला वेग राखत, पंख समतल ठेवून, एका काल्पनिक रेषेवरून विमान न्यायचे असते. 40 किलोमीटरची एक रेषा ताशी 220 किलोमीटर वेगाने अकरा मिनिटांत संपते. मग तीन मिनिटांचे वळण आणि पुन्हा तशीच रेषा, उलट दिशेने. अशा सोळा रेषा म्हणजे पावणेचार तास झाले. वळणसुद्धा ऐटीत घेता येत नाही, कारण विमान फार कलले तर छतावरच्या अँटेनाचा उपग्रहांशी संपर्क तुटून मोजणी बिघडू शकते. आडवा वारा असेल तर नाक किंचित वाऱ्याकडे वळवून रेषा धरावी लागते, आणि तो वारा दर काही मिनिटांनी बदलत असतो. लहान विमानात प्रसाधनगृह नसते, हेही मुलींना कुणी आधी सांगत नाही. तुम्ही ते लक्षात घ्या.

माझ्या पहिल्या हंगामात सातव्या रेषेवर माझे लक्ष जेमतेम अर्धा मिनिट ढळले. मागे बसलेला कॅमेरा ऑपरेटर तेव्हा काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने पडद्यावर दोन पट्ट्यांमधली बोटाएवढी काळी फट दाखवली. ती भरून काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो, तर ढग आले, आणि त्या एका फटीपायी सगळी तुकडी सहा दिवस एका लहान गावातल्या लॉजवर बसून राहिली.

तुमच्या विषयातलीच एक कसोटी सांगतो. प्रयोगशाळेत लंबकाची तीच नोंद तिसाव्यांदा घेताना तुम्हाला काय वाटते ते आठवा. केव्हा एकदा संपते असे होत असेल, तर हे काम तुम्हाला जड जाईल. आणि तिसावी नोंद बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळी का आली याची रुखरुख लागून तुम्ही ती पुन्हा घेत असाल, तर तुम्ही आमच्यातल्या आहात.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. छायाचित्रणाला निरभ्र आकाश आणि पुरेसा वर चढलेला सूर्य लागतो, नाहीतर सावल्या लांब पडून जमीन झाकली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात हे काम जवळजवळ थांबते आणि पाऊस ओसरल्यावर जोरात सुरू होते. म्हणजे गणपतीला तुम्ही ऐरोलीला असाल, दिवाळीला मात्र बहुधा नाही. खनिजशोधाच्या चुंबकीय सर्वेक्षणात तर जमिनीपासून शंभरेक मीटरवरून उडावे लागते, तिथे उन्हाने तापलेली हवा विमानाला सतत हेलकावते. प्रवासातही पोटात ढवळणाऱ्या माणसाने याचा गंभीरपणे विचार करावा.

आईंच्या शंकेत तथ्य आहे. भारतात अशा नोकऱ्या मोजक्याच आहेत, आणि छोट्या क्षेत्रांचे बरेचसे काम आता ड्रोनकडे गेले आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच होते. विस्तीर्ण प्रदेशासाठी विमान अजूनही लागते, पण केवळ त्याच भरवशावर कर्ज काढू नका. समाधानाची बाब एवढीच, की कमर्शियल पायलट लायसन्स सर्वेक्षण आणि प्रवासी विमाने या दोन्हीकडे तेच लागते. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, किमान 200 तासांचे उड्डाण आणि डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षा आवश्यक आहेत. सर्वेक्षणासाठी बहुधा दोन इंजिनांच्या विमानाचे रेटिंगही, म्हणजे ते चालवण्याची परवान्यावरची वेगळी नोंदही, मागतात. त्यामुळे पुढे मन बदलले तरी शिक्षण वाया जात नाही.

माझे मत विचाराल, तर पहिले पाऊल वैद्यकीय तपासणीचे टाका. वैमानिकांच्या तपासणीतली आधी क्लास 2 आणि मग अधिक कडक अशी क्लास 1 करून घ्या, कारण चष्मा सहसा चालतो, पण रंग ओळखण्यातला दोष पुढची वाट अडवू शकतो. त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थेतून ड्रोनचे रिमोट पायलट सर्टिफिकेट घ्या. वय 18 पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण एवढी त्याची अट आहे, आणि विमानाच्या प्रशिक्षणाच्या तुलनेत खर्च अगदी थोडा येतो. मग एखाद्या मोजणी करणाऱ्या चमूबरोबर एक पूर्ण हंगाम काढा. रेषा आखणे, ढगांमुळे परत फिरणे, रात्री बसून छायाचित्रे जोडताना फटी शोधणे, हे सगळे तिथे जमिनीवर उभे राहून अनुभवता येईल. तो हंगाम संपल्यावर पुढच्या हंगामाची तुम्हाला ओढ लागली, तर मला पुन्हा लिहा. विमान प्रशिक्षण संस्था कशी पारखावी, ते तेव्हा सविस्तर सांगेन. तोवर बाबांना माझा निरोप द्या, की सातबारा कपाटातच राहू द्यावा.