दुसरीतल्या मुलीला रोज किती गृहपाठ असावा?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी दुसरीत आहे, इंदिरानगरच्या बाजूला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते, रोज तीन-चार विषयांचं लिखाण घरी येतं, त्यात दीड-दोन तास जातात, शेवटी ती रडते आणि तुमचा आवाज चढतो. शाळा म्हणते, 'आत्तापासून सवय नको का लागायला?' तर या वयात गृहपाठ किती असावा, आणि नाहीच ऐकलं तर शाळा बदलावी का?

दुसरीपर्यंत लेखी गृहपाठ अजिबात नसावा. तिसरी-चौथीला दिवसाला वीस मिनिटं पुरेत, आणि त्या वीस मिनिटांचं काम मुलाला एकट्याला जमणारं हवं. मी प्राथमिक शिक्षिका आहे. आधी दिंडोरी तालुक्यात होते, आता नाशिक शहरात शिकवते. माझं हे मत वह्या तपासून तपासून बनलेलं आहे. पण आधी सरकारी कागद काय म्हणतो ते सांगते, शाळेशी बोलताना तुम्हाला त्याचा उपयोग होईल.

केंद्र सरकारचं २०२० चं दप्तर धोरण आहे, 'स्कूल बॅग पॉलिसी' या नावाने शोधलंत तर सापडेल. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, एवढं त्यातलं बहुतेकांना माहीत असतं. गृहपाठाचंही त्यातच आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. आठवड्याचे दोन तास सहा दिवसांवर वाटले की रोजची वीस मिनिटं येतात, माझा आकडा तोच. लहान वर्गांनी गृहपाठाऐवजी काय करावं तेही सुचवलंय: काल संध्याकाळी काय खेळलात, काय जेवलात, यावर मुलांना वर्गात बोलतं करा.

ही गोष्ट नवीनही नाही. मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याबद्दल केंद्राने नेमलेल्या प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच सांगितलं होतं की प्राथमिकच्या मुलांना गृहपाठ देऊ नका, घरच्या आसपासचं काही शोधून आणायचं असेल तर तेवढंच द्या. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हटलं. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या गृहपाठाविरुद्ध आदेश दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना तसं कळवलं.

धोरण म्हणजे कायदा नव्हे. दुसरीला गृहपाठ दिला म्हणून शाळेवर लगेच कारवाई होईल, या आशेवर राहू नका. पण गृहपाठ झाला नाही म्हणून मुलाला मारणं किंवा चारचौघांत त्याचा अपमान करणं, याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने सरळ मनाई आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत असं होत असेल तर आधी तेच थांबवा. गृहपाठ किती, ते नंतर बघू.

आता वहीकडे येते. 'कमळ हा शब्द दहा वेळा लिहून आणा' असा गृहपाठ दिला की पुष्कळ मुलं काय करतात, ते त्यांच्या शेजारी गुपचूप बसून बघा. आधी वरून खाली दहा 'क' लिहितात. मग त्यांच्या शेजारी दहा 'म'. मग दहा 'ळ'. पान भरतं, अक्षरही बरं दिसतं, आणि 'कमळ' हा शब्द मुलाने एकदाही लिहिलेला नसतो. इंग्रजी स्पेलिंगचंही हेच होतं, एकेक अक्षर उभ्या रांगेत. यात लबाडी नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाची बोटं लवकर दुखतात, त्याला खेळायला जायचं असतं, आणि काम संपवायचा रस्ता त्याने स्वतः शोधून काढलेला असतो. आपण मात्र खाली 'छान' लिहून सही करतो.

गणिताचं तर फार वाईट होतं. हातच्याची बेरीज नुकतीच सुरू झालेली असते. २७ अधिक १५. मूल म्हणतं सात आणि पाच बारा, आणि खाली सरळ बारा लिहितं. मग दोन आणि एक तीन, ते त्याच्या डावीकडे. उत्तर ३१२. वर्गात हे माझ्या डोळ्यांसमोर झालं तर मी काड्या काढते, दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावते, आणि बाराच्या काड्यांतून एक गठ्ठा उचलून दशकांच्या घरात ठेवायला सांगते. थोड्या वेळात मूल स्वतःच म्हणतं, 'बाई, हा तिकडे गेला!' घरी मात्र अशा दहा बेरजा दिल्या की दोनच गोष्टी होतात. कुणी बघणारं नसेल तर ते दहाही बेरजा तशाच करून आणतं आणि चूक हातात पक्की बसते. नाहीतर आई शेजारी बसते, 'अगं हातचा, हातचा घे' म्हणत सगळी उत्तरं बरोबर करून घेते. दुसऱ्या दिवशी मला दहापैकी दहा बरोबर दिसतात. मला वाटतं वर्गाला हातचा समजला, आणि मी पुढच्या धड्याला जाते. ती मुलगी तिथेच मागे राहते आणि मला पत्ताही लागत नाही.

म्हणून मुलाला एकट्याला जमेल तेवढंच द्यावं, यावर माझा एवढा जोर आहे. लहान मुलांच्या गृहपाठातून शिक्षकाला एक गोष्ट कळायला हवी: या मुलाला आपल्याआपण किती येतं. आईने करून घेतलेल्या वहीतून ते कळत नाही. आणि प्रोजेक्टच्या नावाखाली पुठ्ठ्याची मॉडेलं मागवतात, ज्यांच्यासाठी आया रात्री मेन रोडला स्टेशनरीची दुकानं पालथी घालतात, त्यांतून तर काहीच कळत नाही.

शिवाय प्रत्येक घरात शेजारी बसायला कुणी असतंच असं नाही. दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांमध्ये कामाची रांग लागते, पुढे विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवायचं काम. आई-वडील दोघंही अंधार पडल्यावर घरी येतात. नाशिक शहरात अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सेकंड शिफ्ट असलेल्या वडिलांची मुलाशी गाठ पडते ती सकाळी, व्हॅन यायच्या आधी. त्यातून माध्यम इंग्रजी, आणि आई मराठीत शिकलेली. अशा घरातलं मूल कोरी वही घेऊन येतं तेव्हा ते आळशी नसतं. पण वर्गात त्याच्याकडे तसंच बघितलं जातं, आणि सात वर्षांच्या मुलाला ते बरोबर कळतं. ज्यांच्या घरी मदत आहे ती मुलं गृहपाठामुळे पुढे जातात आणि बाकीची मागे पडतात. शाळेने हे अंतर कमी करायचं, की वाढवायचं?

एवढं करून फायदा तरी होतो का, असं कुणी विचारेल. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरच्या बऱ्याच संशोधनांचा एकत्र आढावा घेतला, एकदा १९८९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये. मोठ्या वर्गांत, साधारण सातवीपासून पुढे, गृहपाठ आणि गुण यांचा संबंध दिसतो. प्राथमिक वर्गांत तो फारच कमी दिसतो. तिकडे 'इयत्ता गुणिले दहा मिनिटं' हा हिशेब चालतो. तो धरला तरी तुमच्या मुलीचे सगळे विषय मिळून वीस मिनिटं होतात. तुमच्याकडे दीड-दोन तास चाललेत.

झोपेचाही हिशेब करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळांना सांगितलं, ते याच कारणाने. रात्री नऊपर्यंत वही उघडी असेल, मग जेवण, मग झोप, तर सकाळी ते मूल वर्गात नुसतं बसलेलं असतं.

मग शाळा तरी हे का चालू ठेवतात? शिक्षकांच्या बाजूचंही सांगते. पालकसभेत मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते 'बाई, तुम्ही घरी अभ्यासच देत नाही' हे. शेजारच्या शाळेची वही भरलेली दिसली की आपल्या शाळेत काही शिकवत नाहीत असं पालकांना वाटतं. मग व्यवस्थापन शिक्षकांना विचारतं. भरलेली वही दाखवता येते, मुलाला समजलं की नाही ते दाखवता येत नाही. काही वेळा वर्गात वेळ पुरत नाही आणि वर्कबुकची उरलेली पानं घरी येतात. शिक्षिकाही यात अडकलेली असते, म्हणून तिच्याशी भांडायला जाऊ नका.

'गृहपाठ नको' याचा अर्थ घरी काहीच नको असा मात्र घेऊ नका. वाचनाचा सराव रोज हवा, त्यात मी कुणाचं ऐकत नाही. तिसरीच्या शेवटी मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट अगदी योग्य आहे. जे मूल तिथे अडखळतं, त्याला पुढचा प्रत्येक विषय जड जातो. म्हणून रात्री दहा-पंधरा मिनिटं तिला मोठ्याने वाचू द्या. एक पान तिने, एक तुम्ही. अडली की लगेच टोकू नका, तीनपर्यंत मनात मोजा, बऱ्याचदा ती स्वतःच दुरुस्त करते. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरचं वाचन मराठीत बेलाशक करा. ज्या भाषेत ती स्वप्नं पाहते, त्या भाषेत अर्थ लावायची सवय लागली की ती इंग्रजी वाचतानाही उपयोगी पडते. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही, टिळक पथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, शनिवारी तिला घेऊन जा आणि पुस्तक तिलाच निवडू द्या.

गणितासाठी बुधवारच्या बाजारात न्या. पाव किलो गवार आणि कोथिंबिरीची एक जुडी, पैसे तिने द्यायचे, उरलेले तिने मोजून घ्यायचे. पाढे चालता-चालता म्हणा, लिहायला लावू नका.

आणि यशपाल समितीने म्हटलेलं 'आसपासचं शोधून आणा' म्हणजे काय, त्याचं माझ्या वर्गातलं उदाहरण देते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नाशिककर विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? (गोदावरीच्या पात्रातली ही उंच मूर्ती म्हणजे आमची पुराची मोजपट्टी.) चौथीच्या मुलांना मी सांगितलं, घरातल्या मोठ्यांना विचारून या, २००८ च्या आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. लिहायचं काही नाही, दुसऱ्या दिवशी फक्त सांगायचं. कुणाची आजी सराफ बाजारातल्या दुकानांत पाणी शिरल्याचं सांगत होती, कुणाच्या काकांनी मोबाइलमधला जुना फोटो दाखवला. एका मुलाने विचारलं, 'बाई, मारुतीची कंबर माझ्यापेक्षा उंच आहे का?' त्यावरून आम्ही भिंतीवर खुणा केल्या, फूट आणि मीटर काढले, आणि मापनाचा धडा तिथेच सुरू झाला. ज्यांचे आई-वडील शाळेत गेलेले नाहीत त्या मुलांकडेही सांगायला तितकंच होतं, उलट थोडं जास्तच.

आता शाळेशी कसं बोलायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहू नका, तिथे लगेच दोन तट पडतात. आधी आठवडाभर रोज गृहपाठ कधी सुरू झाला आणि कधी संपला, ते एका कागदावर लिहून ठेवा. मग वर्गशिक्षिकेला एकटं भेटा, कागद दाखवा आणि सरळ विचारा, 'मॅडम, तुमच्या अंदाजाने याला किती वेळ लागायला हवा होता?' बऱ्याच शिक्षिकांना खरोखर कल्पना नसते, कारण प्रत्येक विषयाची टीचर आपल्यापुरता दहा मिनिटांचा अभ्यास देते आणि चौघींची बेरीज कुणी करत नाही. त्यांना एवढंच सुचवा की वीस मिनिटं झाली की आम्ही वही बंद करू आणि जिथवर झालं तिथे वेळ लिहून सही करू. डायरीत ओळ अशी लिहा: 'वीस मिनिटं स्वतः केलं. पुढचं जमलं नाही. हातच्याची बेरीज समजलेली नाही.' शिक्षिकेला पूर्ण भरलेल्या पानापेक्षा ही ओळ जास्त कामाची आहे. आणि चुकलेलं उत्तर घरी खोडून बरोबर करू नका. ते तसंच शाळेत जाऊ द्या.

शिक्षिकेच्या हातात नसेल तर दोन-तीन पालक मिळून मुख्याध्यापकांकडे जा आणि २०२० च्या धोरणातलं गृहपाठाचं पान छापून सोबत न्या. पालकसभेत 'गृहपाठ कमी करा' म्हणणारा आवाज फार कमी येतो, म्हणून तुम्ही म्हणालात तर मोजला जाईल.

फक्त गृहपाठासाठी शाळा बदलू नका. वर्गात मुलगी प्रश्न विचारते का, सकाळी जाताना तिचं पोट दुखतं का, हे आधी बघा. ती शाळेत आनंदाने जात असेल, शिक्षिका तिचं ऐकून घेत असेल, तर तिथेच राहून गृहपाठ कमी करून घ्या. पोटदुखी रोजचीच असेल आणि शाळा तुमचं ऐकूनच घेत नसेल, तर पुढच्या जूनसाठी आत्तापासून दुसरी शाळा शोधायला लागा. तिथे चौकशीला जाल तेव्हा फी विचारायच्या आधी दुसरीच्या वर्गातली एखादी वही बघायला मागा.