गॅलापागोसला जाताय? आधी परतीचा कागद बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर आठवडाभराच्या छोट्या बोटीवर जायचंय, सोळा प्रवाशांची बोट जवळपास ठरलीये, आणि बुकिंगवाले म्हणतात, ‘बेटांवर यलो फीवर नाही, लस लागत नाही.’ मग ६६ वर्षांच्या बाबांना उगाच कशाला टोचायचं, असा तुमचा प्रश्न. हेच वाक्य मला २०२४ मध्ये तीनदा ऐकवलं होतं. तुम्हीही नाशिकच्या, म्हणून फवारणीहून आल्या आल्या लिहायला बसलोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि प्रवासी कंपनीवालाही नाही. निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. नियम बदलतात, तेव्हा मी सांगतोय ते सरकारी संकेतस्थळावर स्वतः ताडून घ्या. विमान, विमा, हॉटेल यात मी पडत नाही, ते तुम्हाला जमेल. व्हिसाचं एवढंच की २०१९ च्या ऑगस्टपासून इक्वेडोरने भारतीयांना व्हिसाची अट घातली. जुन्या लेखांत ‘व्हिसा लागत नाही’ असं सापडेल, त्यावर जाऊ नका. दिल्लीच्या दूतावासाकडून ताजी माहिती घ्या.

आता मुद्द्याचं. बेटांवर यलो फीवर नाही हे खरंच आहे. बेटं मुख्य भूमीपासून हजारेक किलोमीटर आत समुद्रात आहेत, रोगाचा धोका आहे तो अँडीज पर्वताच्या पूर्वेच्या जंगलपट्ट्यात. पण भारत सरकारच्या यादीत इक्वेडोर हा अख्खा देश आहे, त्यातून बेटं वेगळी काढलेली नाहीत. त्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र जवळ नसलं, तर सहा दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरणात ठेवतात. तुम्ही सगळ्यांना विचारताय की तिथे जायला काय लागतं. मीही तेच विचारत होतो. स्वतःच्या घरी परत यायला काय लागतं, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आम्ही दोघं विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला निघालो. परतीचं विमान १ ऑक्टोबरला पहाटे मुंबईत उतरलं. आरोग्य तपासणीच्या टेबलावर बायकोने पासपोर्टच्या कव्हरातून पिवळं पुस्तक काढून दिलं. २०१७ मध्ये ती महिलांच्या ग्रुपबरोबर केनियाला गेली होती, तेव्हाची लस. ती आता आयुष्यभर चालते, दहा वर्षांची मुदत २०१६ मध्येच निघाली. तिला लगेच जाऊ दिलं. माझ्याकडे काही नव्हतं. मी मोबाइलवर बुकिंग ऑफिसचा ईमेल दाखवला, ‘लसीची आवश्यकता नाही’ असा स्वच्छ लिहिलेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी तो पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, ‘काका, हे त्यांनी तिकडच्यासाठी लिहिलंय. इकडचा नियम वेगळा.’ त्यांच्या वागण्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. नियम का आहे तेही त्यांनीच समजावलं: हा रोग भारतात अजून आलेला नाही, पण तो पसरवणारा एडीस डास, तोच आपला डेंग्यूवाला, इथे गल्लोगल्ली आहे. एक आजारी माणूस पुरे. द्राक्षवाल्याला हे पटायला वेळ लागत नाही.

इक्वेडोरहून निघालो होतो २९ तारखेला. म्हणून ५ ऑक्टोबरपर्यंत मला मुंबईत ठेवलं. मच्छरदाणी लावलेली खाट, एक खिडकी, दोन वेळा तापमान. बायको एकटीच टॅक्सीने नाशिकला गेली. घटस्थापना ३ तारखेला होती. आमच्या घरात घट मी बसवतो, त्या वर्षी तिने बसवले आणि मी फोनवर बघितले.

४ तारखेला छाटणी ठरलेली होती. तुम्ही शेतकरी घरातल्या आहात की नाही माहीत नाही, म्हणून सांगतो. फळछाटणीला मजुरांची टोळी महिना-दीड महिना आधी बांधून ठेवावी लागते. आमची टोळी सुरगाण्याकडून येते. काडीच्या कितव्या डोळ्यावर (म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे) कात्री लावायची हे मी प्रत्येक प्लॉटमध्ये फिरून, डोळे तपासणीचा रिपोर्ट हातात धरून, आधी स्वतः चार-चार झाडं छाटून दाखवतो. छाटणी झाली की लगेच पेस्ट लावायची, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. हे सगळं बायकोने व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून समजून घेत एका प्लॉटवर निभावलं, दीड एकर. खालच्या अडीच एकरांत काड्या दोन तऱ्हेच्या होत्या. फोनच्या पडद्यावर डोळा फुगीर आहे की चपटा, मला कळेना. मुकादम म्हणाला, ‘दादा, उद्या आम्हाला दुसऱ्यांकडे जायचंय.’ त्याचंही बरोबर. पुढची टोळी १६ तारखेला मिळाली. तो प्लॉट बारा दिवस मागे पडला आणि काढणीला आला तेव्हा भाव उतरले होते. बोटीवर एका माणसाला जितका खर्च आला त्याहून जास्त मी त्या अडीच एकरांत गमावले.

आणि ते ऑफिस? नाव घेत नाही. विलगीकरणातून मी त्यांना दोन ईमेल केले, चार फोन केले. नवव्या दिवशी उत्तर आलं की त्यांची जबाबदारी बोटीवर चढण्यापासून बोटीवरून उतरण्यापर्यंतच असते, आणि ‘आरोग्यविषयक कागदपत्रे प्रवाशाने स्वतः पाहावीत’ असं फॉर्मच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं. मग तीनदा विचारल्यावर ‘लागत नाही’ असं सांगितलं कशाला? माहीत नाही म्हणाले असते तर मी दुसरीकडे विचारलं असतं. भारतीय प्रवाशांकडून लाखांनी पैसे घेणाऱ्या माणसाला भारताचा एक नियम माहीत असायला नको? आजही याचा विचार आला की मला राग येतो.

तर तुमच्यासाठी: लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, मी मुंबईला जाऊन घेतली, नंतर, पुढच्या प्रवासासाठी. वेळ आधी घ्यावी लागते, गर्दी असते. प्रमाणपत्र लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी उरका, कारण प्रमाणपत्रावर पासपोर्ट नंबर लिहितात. तो आणि नावाचं स्पेलिंग तिथेच, खुर्चीवरून उठायच्या आत तपासा.

बाबांचं मात्र डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा. ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर त्रासाची शक्यता थोडी जास्त असते, आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर देत नाहीत. डॉक्टर नको म्हणाले तर माझ्या मते सरळ मार्ग हा: परतताना यादीत नसलेल्या देशात, युरोपात समजा, सहा दिवस पूर्ण काढून मगच भारतात या. त्याचा व्हिसा आधीच काढावा लागेल. आणि पनामा, कोलंबिया, ब्राझील हेही यादीत आहेत. तिथे विमान बदलताना विमानतळाबाहेर पडलात तर दिवस तिथून मोजायला लागतात.

एवढं झालं की बोटीकडे निश्चिंत मनाने बघा, कारण ती जागा खरोखर जन्मात एकदा बघावी अशीच आहे.

मार्गाबद्दल लोक फारसं सांगत नाहीत. एकच बोट चौदा दिवसांच्या आत त्याच ठिकाणी पुन्हा जाऊ शकत नाही असा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे, म्हणून बोटींचे मार्ग पंधरवड्याचे असतात आणि आठवड्यात अर्धीच बेटं होतात. सगळं बघू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आम्ही पश्चिमेची फेरी घेतली, इसाबेला आणि फर्नांदिना. पुन्हा गेलो तरी तीच घेईन. फर्नांदिनाचा ला कुंब्रे ज्वालामुखी त्याच वर्षी मार्चमध्ये फुटला होता. पुंता एस्पिनोसाला उतरलो तर पायाखाली काळा खडक, दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा गोठलेला. तो बसाल्टच. आपला ब्रह्मगिरी, आपल्याकडचा सह्याद्री त्याच दगडाचा, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा कालपरवाचा. ज्या काळ्या मातीत माझी बाग उभी आहे ती सुरुवातीला अशी दिसत असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. मातीचा कण नाही, आणि फटीतून बोटभर उंचीचा पिवळसर निवडुंग वर आलेला. मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसून होतो. त्याच खडकावर समुद्री इग्वाना एकमेकांच्या अंगावर ढिगाने पडलेले असतात आणि नाकातून फुर्रकन मिठाचं पाणी उडवतात. डोक्यावर त्याची पांढरी खपली चढलेली असते. पलीकडे न उडणारा पाणकावळा समुद्रातून शेवाळाचा झुबका चोचीत घेऊन आला, घरट्यावर बसलेल्या मादीपुढे ठेवला आणि ते आखूड, विटलेले पंख पसरून वाळवत उभा राहिला. असे पाणकावळे जगात फक्त याच दोन बेटांवर आहेत.

आई-बाबांच्या गुडघ्यांसाठी मे चांगला. समुद्र सप्टेंबरपेक्षा शांत, पाणी कमी गार. आम्हाला इसाबेलाच्या उत्तरेला, विषुववृत्त ओलांडताना, रात्रभर बोट हलत होती आणि बायको जेवली नाही. केबिन खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची मागा. बेटावर उतरायला पांगा नावाची रबरी होडी असते. खलाशाचा हात धरताना पंजा नाही धरायचा, मनगटाला मनगट धरायचं. बाबांना हे घरीच दोन-चार वेळा करून दाखवा. ‘ओलं उतरणं’ असेल तिथे गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. पूर्वेची फेरी घेतलीत तर एस्पानोलाच्या पुंता सुआरेझची वाट धोंड्यांची आहे, पण मेमध्ये तिथे अल्बट्रॉस अंड्यांवर बसलेले असतात. बार्तोलोमेला पावणेचारशेच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत. सप्तशृंगी गड चढणाऱ्यांना ते जड नाही.

बोटीच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी इक्वेडोरला पोहोचा. क्विटो २८५० मीटरवर आहे, वयस्कांना धाप लागते. मुक्काम ग्वायाकीलला ठेवलात तर ते समुद्रसपाटीला आहे. बेटांच्या उद्यानाचं शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर झालंय, ते रोख लागतं, शिवाय विमानतळावर २० डॉलरचं प्रवेशकार्ड. त्यांचं चलन अमेरिकी डॉलरच आहे. सुट्या, न फाटलेल्या नोटा न्या.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा. भात, राजमा, हिरव्या केळ्याचे तळलेले काप रोज मिळाले. ताजी फळं, बिया, रोपं काही नेऊ नका, सामान उघडून बघतात. बुटांच्या तळाला चिकटलेली मातीसुद्धा घासून निघा. आम्ही हवाबंद पाकिटातली शेंगदाण्याची चटणी दाखवून नेली, ती जाऊ दिली. या तपासणीला कंटाळू नका. सांताक्रूझ बेटाच्या डोंगरावर एक काटेरी रासबेरी माजलीये, आपल्याच भारतात रानात उगवणारी. कुणीतरी फळासाठी नेली आणि तिने तिथलं मूळचं जंगल दाबून टाकलंय. काही बेटांवर बकऱ्यांनी कासवांचं खाणं संपवलं होतं, त्या काढायला वर्षं लागली.

तुमच्या बुकिंगवाल्यांना आजच ईमेल टाका: ‘इक्वेडोरहून थेट भारतात परतताना भारतीय नागरिकाला यलो फीवरचं प्रमाणपत्र लागतं का?’ अगदी याच शब्दांत, ‘परतताना’ हा शब्द घालून. उत्तर काहीही आलं तरी लसीची वेळ घेऊन ठेवा. आणि दुर्बीण विकत घेऊ नका. माझी ८ बाय ४२ कपाटात आहे, पिंपळगावकडे आलात की घेऊन जा. मेमध्ये बागेत खरडछाटणीनंतरची कामं असतात, मला ती लागत नाही.